जिन्याखालची जागा

आमच्या घराच्या जिन्याखाली एका बाईची समाधी आहे, आणि ती तिथं आहे हे मला प्लॉट घ्यायच्या आधीपासून माहीत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तरी मनातल्या मनात या गोष्टीला वळसा घालूनच पुढं जायचो.

कारखान्यात माझी ओळख वेगळी आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या स्टोअरमध्ये मी नोकरी करतो, आणि कुणाला प्लॉट किंवा फ्लॅट घ्यायचा झाला की तो कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडं येतो. ‘ह्यांच्या प्लॉटला आजपातुर एक नोटीस आली न्हाय,’ असं लोक माझ्याविषयी सांगतात. ते खरं आहे. मी त्यांना सांगतो, नुसत्या चालू सातबाऱ्यावर जाऊ नका, मागचे फेरफार काढा. ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. बिगरशेतीचा आदेश नेमका आपल्याच गटाचा आहे का ते बघा, कारण एकाच आदेशाची झेरॉक्स तीन ठिकाणी फिरते. वकिलाकडून जुन्या व्यवहारांचा सर्च घ्या, मोजणी स्वतःच्या खर्चानं करून घ्या, आणि विकणाऱ्याला बहिणी किती, त्यांच्या सह्या झाल्यात का, हे विचारायला लाजू नका. लोक लिहून घेतात. जाताना चहा पाजतात.

परवा मशीनशॉपमधला एक जण असाच आला होता. पोरगा मोठा झाला, भाड्याच्या खोलीत भागत नाही, म्हणून प्लॉट बघतोय म्हणाला. सगळं सांगून झाल्यावर त्यानं पेन खिशाला लावलं आणि विचारलं, “आनि काय बघायचं ऱ्हायलं का, साहेब?”

मी ‘नाही’ म्हणालो. तो गेला आणि मी रजिस्टर उघडून नुसता बसून राहिलो. त्या ‘नाही’साठी हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आम्ही राजारामपुरीत दोन खोल्या घेऊन भाड्यानं राहत होतो. घरमालक लिंगायत, भुसार मालाचे व्यापारी, माणूस सज्जन. पण मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना खोल्या हव्या झाल्या. “घाई न्हाय, पण बघा आता,” असं ते भेटतील तेव्हा म्हणायचे, आणि ते ‘घाई न्हाय’ ऐकलं की मी त्याच संध्याकाळी प्लॉट दाखवणाऱ्या एजंटाकडं जायचो.

ह्याच घरमालकांची आई वारली तेव्हा मी त्यांच्याबरोबर त्यांच्या शेतावर गेलो होतो. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि ज्यांचं शेत आहे ते बहुतेक आपल्याच शेतात. म्हातारीला खड्ड्यात मांडी घालून बसवलं होतं. डाव्या तळहातावर इष्टलिंग. भोवतीनं भस्म, मीठ, बेलाची पानं. माती लोटून झाल्यावर वर एक दगड रोवला आणि त्यावर बोटांनी भस्माचे तीन पट्टे ओढले. परत येताना घरमालक म्हणाले होते, “आता ह्या शेताचं इकायचं नाव काढता येत न्हाय बघा. आई बसलीया न्हवं तितं.”

म्हणून सांगतो, मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

प्लॉट शिरोलीच्या पुढं, हातकणंगल्याच्या रस्त्यापासून थोडा आत होता. ऊस मोडून सपाट केलेलं रान, त्यात चुन्याच्या फक्कीच्या रेघा आणि लाल रंग दिलेले खुंट. एजंटानं मला मोटारसायकलवर मागं बसवून नेलं. गाडी बंद करायच्या आधीच त्याचं बोलणं सुरू झालं होतं.

“कॉर्नरचा हाय, पावणं. दोन्ही बाजूनं रस्ता. बँक डोळं झाकून कर्ज दील. आज टोकन दिलासा तर तुमचा, न्हाय तर सांच्याला दुसरी पार्टी यायली.”

मी चारी बाजूंनी फिरलो. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, गवतात, गुडघ्याएवढा एक दगड उभा होता. त्यावर पुसट झालेले पांढरे पट्टे. पायाशी वाळलेला बेल.

“हे काय?” मी विचारलं.

एजंटानं बुटाच्या टोकानं बेल बाजूला सारला. “बांधाचा दगड हो. गुराखी पोरं कायबाय वाहत्यात. काढून टाकतो की.”

जमीन विकणारा शेतकरी हाकेच्या अंतरावर बाभळीखाली उभा होता. तो रस्त्याकडं बघत होता, विहिरीकडं बघत होता, माझ्याकडंही बघत होता. फक्त त्या कोपऱ्याकडं बघत नव्हता. मी त्याच्याजवळ जाऊन विचारू शकलो असतो. त्या माणसाला खोटं बोलता येणार नाही, असं मला त्याच्या तोंडावरून वाटलं, आणि तेवढ्यासाठीच मी विचारलं नाही. टोकन दिलं.

पुढच्या खेपेला बायकोला घेऊन गेलो तेव्हा दगड नव्हता. त्या जागी ओली माती चोपून बसवलेली होती. “बघा वहिनी, कसा चकाचक प्लॉट हाय,” एजंट म्हणाला. बायको सगळं रान सोडून नेमकी त्या मातीवर जाऊन उभी राहिली. पदर खोचत म्हणाली, “इथं तुळस बरी दिसंल.”

“तिथं जिना येणार आहे,” मी म्हणालो. तेव्हा घराचा नकाशासुद्धा काढलेला नव्हता.

कागद मात्र मी चोख केले. भीतीपोटीच केले असतील. शेतकऱ्याला एक बहीण होती, सीमेपलीकडं चिकोडीच्या बाजूला दिलेली. तिची हक्कसोड झालेली होती, खाली कानडीत सही होती. ती सही बघून मला हायसं वाटलं. वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली, कुणाचा हक्क किंवा हितसंबंध असेल तर कळवावं म्हणून. मुदत संपेपर्यंत रोज सकाळी मी वकिलांना फोन करायचो. कुणी आलं नाही. कानडी वाचणाऱ्या बाईपर्यंत कोल्हापूरच्या मराठी पेपरातली आतल्या पानावरची नोटीस जाणार नाही, हे मला कळत होतं. हातकणंगल्याला रजिस्ट्री झाल्यावर मी पेढे वाटले. शेतकऱ्यानं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवला. तो पेढा मला बरेच दिवस दिसत राहिला.

बांधकामाला लागलो तेव्हा मी रजा टाकून रोज उन्हात उभा राहायचो. लोकांना वाटायचं, सिमेंट चोरीला जाईल म्हणून हा पहारा देतोय. मी त्या कोपऱ्याचा पहारा देत होतो. इंजिनिअरला सांगून जिना तिथं घेतला, कारण जिन्यावर कुणी झोपत नाही, कुणी स्वयंपाक करत नाही. गवंड्याला म्हटलं, तिथं खोल जाऊ नका.

“जिन्याला पाया नगो व्हय, साहेब?” तो हसत म्हणाला.

“वरवरचा घ्या.”

वरवरचा घेतानाच पहार एकदम आत गेली. माती भुसभुशीत होती आणि तिच्यात पांढरं काहीतरी मिसळलेलं होतं. गवंड्यानं ते चिमटीत घेऊन चोळलं. “चुनखडी असेल,” मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं, हात धोतराला पुसले आणि माणसांना सांगितलं, “मुजवा रं. जोत्याचं तेवढं दगड घ्या वरनं.” नंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही. मीही त्याचा हिशेब भागवल्यावर पुन्हा त्याला कामाला बोलावलं नाही.

मग घरात भांडण लागलं ते संडासावरून. सगळ्यांच्या जिन्याखाली संडास असतो. आमच्या नकाशातही तो तिथंच होता. मी खोडायला लावला.

“जिन्याखालची जागा मोकळी सोडायची? आपल्याच घरात काय सोनं पुरलंय तिथं?” बायको म्हणाली.

“नैर्ऋत्येला संडास चालत नाही.”

“कधीपासनं वास्तू कळायला लागली तुमास्नी? आपल्या लग्नात मुहूर्त टळला तेव्हा म्हणालासा, घड्याळ चुकलंय.”

मी ती जागा विटांनी बंद करून घेतली. वास्तू मानणारा माणूस म्हणून नातेवाइकांत माझं नाव झालं. ते मला सोयीचं होतं.

घरात राहायला आलो आणि खरी भीती तेव्हा सुरू झाली. पोरगा जिन्यावरून उड्या मारत खाली आला की मी ओरडायचो. बायको पायऱ्या धुवायची, ते पाणी त्या भिंतीत मुरताना बघितलं की मी फडकं घेऊन पुसायला धावायचो. पोराला ताप आला की डॉक्टर काय म्हणाले यापेक्षा तो आज कुठल्या पायरीवर खेळत होता हे मला आधी आठवायचं. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नव्हतो. आताही मानतो का, मला सांगता येत नाही. पोस्टमन फाटकाशी थांबला की वाटायचं, आली नोटीस. कुणी अनोळखी माणूस घराकडं बोट दाखवून बोलताना दिसला की मी आत जायचो.

नोटीस आली नाही. ती बाई आली.

श्रावणातला सोमवार होता. माझी दुसरी पाळी असल्यानं मी घरी होतो. फाटकाबाहेर पन्नाशीची एक बाई पिशवी घेऊन उभी होती, कपाळाला भस्म. ती घराकडं बघायची, मग मागं सरून रस्त्याकडं बघायची, परत घराकडं. मी ओळखलं. कधी बघितलेलं नसताना ओळखलं, तोंडवळा जमीन विकणाऱ्या भावाचाच होता.

“तम्मा,” ती म्हणाली. तिच्याकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, आईला अव्वा. “हितं आमचं शेत हुतं. कोपऱ्यात आमची अव्वा हाय. दगड दिसंना झालाय.”

बायको स्वयंपाकघरात होती. बँकेचा हप्ता चालू होता. पोरगा जिन्यावर बसून शाळेच्या वहीत लिहीत होता. हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मी म्हणालो, “तो कोपरा रस्त्यात गेला, मावशी.”

“रस्त्यात?”

“रस्ता रुंद केला ना. तेव्हा गेला.”

“कुटं, दावा की,” ती म्हणाली.

मी फाटक उघडून बाहेर गेलो आणि रस्त्याच्या कडेला, डांबर सुरू होतं तिथं बोट दाखवलं. “इथंच कुठंतरी.” ती जागा मी त्याच वेळी ठरवली. दुसरीकडं बोट दाखवलं असतं तरी तिनं तेच खरं मानलं असतं.

तिनं पाणी मागितलं. मी घरातून तांब्या भरून आणला. तिनं डांबराचा तेवढा तुकडा हातानं धुतला, भस्म लावलं, बेल वाहिला, नारळ वाढवला आणि डोकं टेकून नमस्कार केला. एक टेम्पो हॉर्न देत शेजारून गेला. नारळाचं पाणी डांबरावरून वाहत गटारीकडं गेलं.

तेवढ्यात बायको बाहेर आली. मी काही म्हणायच्या आत तिनं त्या बाईला हाताला धरून आत आणलं. चहा ठेवला. खुर्ची दिली तर ती बाई नको म्हणाली, आणि जाऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. भिंतीला पाठ टेकली.

“गार हाय हितं,” ती म्हणाली.

मी दारात उभा होतो. मला आत जाता येईना आणि बाहेरही जाता येईना. ती बायकोला सांगत होती, “भाऊ घरी आला. साडी नेसवली. म्हणला, अक्का, सही कर, अव्वाचा कोपरा सोडून इकतो. मी म्हटलं, कोपरा सोडतोस न्हवं? तर म्हणला, आईची आण. म्हणून केली बघ सही. न्हायतर मला काय त्या मातीचं? माझ्या घरात काय कमी हाय?”

“आणि मग रस्त्यात गेला होय कोपरा,” बायको हळहळली. “सरकारला काय, त्यांना कुणाची आई आणि कुणाचा बाप.”

तिनं माझ्याकडं बघितलं, मी दुजोरा द्यावा म्हणून. मी मान हलवली.

त्यानंतर ती दर श्रावणात यायची. श्रावण जवळ आला की माझी झोप उडायची, जेवण जायचं नाही. ती बरोबर कुणालातरी आणेल, एखादा जुना शेजारी, ज्याला रान कसं होतं हे आठवत असेल, आणि तो म्हणेल, रस्ता तर आधीपासून एवढाच होता. असा माणूस गावात असणारच. मी तो बाजारात, पानपट्टीवर, सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडात शोधत असे. ती यायची एकटीच. दरवेळी रस्ता धुवायची, दरवेळी त्याच पायरीवर बसून चहा प्यायची. बायकोची आणि तिची चांगली मैत्री झाली. बायको तिच्यासाठी ज्वारीच्या पापड्या करून ठेवायची.

एके वर्षी तिनं मला विचारलं, “तम्मा, अव्वाच्या अंगावरनं गाड्या जात्यात. कडेला एक दगड लावून घेशील का? तुजं ऐकतील ग्रामपंचायतवालं.”

“विचारतो,” मी म्हणालो.

“तू हितं हाईस म्हणून बरं हाय बघ. लक्ष असतंय तुजं.”

मी ग्रामपंचायतीत कधी गेलो नाही. काय सांगणार होतो? कोणत्या जागेवर दगड लावा म्हणणार होतो?

दोन हजार पाचच्या पुरात रस्ते बंद झाले, त्या श्रावणात ती आली नाही. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. पुढच्या वर्षी आली ती काठी घेऊन. भाऊ वारल्याचं तिनं सांगितलं. शेवटी शेवटी तो तिच्याशी बोलायचं टाळायचा म्हणाली, का ते तिला कळलं नाही. मला कळलं. तिला आता वाकता येत नव्हतं.

“तूच वाहा, तम्मा. तू काय परका हाईस व्हय?”

तिनं माझ्या ओंजळीत बेल आणि फुलं दिली. मी रस्त्यावर बसलो आणि रिकाम्या डांबरावर ती वाहिली. ती मागं उभी राहून काठीवर हात जोडून पुटपुटत होती. माझी पाठ घराकडं होती. मला वाटलं, आता कुणीतरी मागून नाव घेऊन हाक मारेल. कुणी मारली नाही. उठताना तिनंच मला हात दिला. जाताना म्हणाली, “एकदा या की आमच्याकडं, दोघंबी.”

ती त्यानंतर आली नाही. बायको दर श्रावणात म्हणते, “मावशी ह्या वर्षीबी आल्या नाहीत. जाऊन बघून या की, एस्टीनं कितीसं लांब आहे?” मी जातो म्हणतो. गावाचं नाव मला माहीत आहे. मी निपाणीपर्यंत एकदा गेलो आणि स्टँडवर चहा पिऊन परत आलो. बायकोला सांगितलं, काम निघालं. ती गेली असेल अशी मला भीती वाटते. ती असेल, याचीही तेवढीच भीती वाटते.

मशीनशॉपमधल्या त्या माणसाला मी काय सांगायला हवं होतं, ते आता सांगतो. प्लॉट बघायला एकदा तरी एजंटाला न घेता जा. सगळ्या कोपऱ्यांत स्वतः उभे राहा. विकणाऱ्याला कागदांबद्दल विचारा, आणि नंतर विचारा, तुमची म्हातारी माणसं कुठं आहेत. तो ज्या बाजूला बघायचं टाळेल तिकडं जा. बहिणीची सही असली तरी बहिणीच्या घरी जा, तिच्या भाषेत विचारा, की बाई, सही करताना तुम्हाला काय सांगितलं होतं. सर्चमध्ये हे येत नाही. मोजणीतही येत नाही. आणि हे सगळं विचारायची भीती वाटत असेल, तर उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे असं समजा. त्या जागेवर घर बांधू नका. मला बँकेनं, वकिलानं, कुणीच काही केलं नाही. माझे कागद आजही स्वच्छ आहेत. पण स्वतःच्या घरात मी जिन्याच्या कडेकडेनं चढतो.

हे छापून आलं की बायको वाचेल. ती आधी काय विचारेल ते मला माहीत आहे. मावशी पायरीवर बसल्या होत्या तेव्हा तुम्ही दारात काय करत होता, हेच विचारेल.

माझं देणं एवढंच आहे. त्या बाईच्या गावी जायचं, ती असेल तर तिला आणि नसेल तर तिच्या मुलांना समोर बसून सांगायचं, की तुमची अव्वा रस्त्यात नाही, ती माझ्या जिन्याखाली आहे, आणि मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग ती भिंत फोडायची की जिना पाडायचा, हे त्यांनी ठरवायचं. हे मी अजून केलेलं नाही.